बाभळीच्या शेंगांचा आळ

संपतरावांच्या शेडमधल्या नऊ शेळ्या मेल्या आणि त्या केशरबाईनं मारल्या असं वाडीत ठरलं, तेव्हा केशरबाई स्वतः गायरानात होती. ठरवायला तिची गरज कुणाला वाटली नव्हती.

तिची लेक मोहिनी हिंगोलीला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. तिला हे कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. आईचा फोन आला. केशरबाई फोनवर नेहमी ओरडून बोलायची, जणू आवाज हिंगोलीपर्यंत आपल्यालाच पोचवायचा आहे. त्या दिवशी मात्र ती हळू बोलली.

"मोहिने, येतीस का घरी? शेरडं कालपासून कोंडून हायेत. बाहेर काढू देईनात."

"कोण काढू देईना? काहून?"

"मी संपतरावाच्या शेळ्यांला जहर घातलं म्हणतेत."

मोहिनीनं तपासायचे पेपर तसेच टेबलावर ठेवले आणि पुसेगावची एसटी धरली. एप्रिलचं ऊन होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत उकडलेली हळद वाळत पडली होती. एरवी तो वास आला की तिला घर आठवायचं. आज तिला काहीच जाणवलं नाही. ती मनातल्या मनात भांडत होती. जिनं चाळीस वर्षं शेळ्यांची बाळंतपणं केली, पावसात भिजलेली करडं स्वतःच्या पदरात गुंडाळून चुलीपाशी बसून जगवली, ती बाई दुसऱ्याच्या शेळ्यांना विष घालेल? आणि वाडीतल्या एकाही माणसाला हे खोटं वाटलं नाही?

पुसेगावहून वाडी चार किलोमीटर. रिक्षातून उतरली तेव्हाच तिला शेळ्यांचं ओरडणं ऐकू आलं. बत्तीस जनावरं काट्यांच्या कुपात उभी होती. समोर कडब्याची चिपाडं पडलेली. केशरबाई दारात बसली होती, हातात काठी, पायांत वहाणा, जणू आत्ता निघायचं आहे.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," मोहिनी म्हणाली.

केशरबाईनं सांगितलं. संपतराव वाडीतले मोठे जमीनदार. मागच्या दिवाळीला त्यांनी आणि त्यांच्या पोरानं, सोमेश्वरनं, पत्र्याचं उंच शेड बांधलं आणि बाहेरून पंचवीस शेळ्या आणल्या. लांब कानांच्या, अंगानं भारी. त्या चरायला जात नसत. मका, पेंड, कापलेला घास, सगळं जागेवर. उन्हाळ्यात घास संपला. मग गेल्या आठवड्यात सोमेश्वरनं नाल्याकाठच्या सगळ्या बाभळी माणसं लावून झोडपल्या. दोन ट्रॉल्या शेंगा निघाल्या. निम्म्या हिरव्या, कोवळ्या. त्याच बाभळींखाली केशरबाईच्या शेळ्या दर उन्हाळ्यात पडलेल्या शेंगा वेचायच्या.

"मंग तू भांडलीस?"

"भांडले ना. माझ्या शेरडांच्या तोंडचं नेलं त्यानं. पर दुसऱ्या दिवशी पाणंदीनं जाताना बघितलं, गव्हाणी काठोकाठ शेंगांनी भरलेल्या. दुसरं काहीच न्हाई. तवा मी थांबून सांगितलं. म्हणलं, पोरा, इतक्या शेंगा घालू नको, मरतील तुझ्या शेळ्या. ह्यांना सवय न्हाई. मूठ मूठ घाल, संगं कडबा घाल."

"आणि?"

"आनि मेल्या की तिसऱ्या दिवशी. आता म्हणतेत, केशरबाई भांडली, मरतील म्हणाली, आनि मेल्या. म्हंजी तिनंच मारल्या."

इशारा दिला म्हणून आई गुन्हेगार. ज्याला चार शब्द फुकट सांगितले, त्यानंच त्या चार शब्दांचा दोर करून तिच्या गळ्यात घातला होता. उद्या सकाळी नऊला मारुतीच्या पारावर गाव बसणार होतं. केशरबाईची शेरडं पाणंदीनं आणि गायरानात येऊ द्यायची नाहीत, असा ठराव संपतराव मांडणार होते. पोलीस पाटील रामकिशन येऊन तसं सांगून गेला होता. बिचारा जाताना म्हणाला होता, "मावशी, मला काय बी वाटत न्हाई, मी फक्त निरोप्या." त्याचाही मोहिनीला राग आला. काहीच वाटत नाही, हेच तर वाईट होतं.

ती तशीच उठली आणि संपतरावांच्या शेडवर गेली.

शेडमध्ये जनावरांचे डॉक्टर होते. सात शेळ्या खाली माना घालून उभ्या होत्या, पोटं चढलेली, नाकपुड्या कोरड्या. बाकीच्या नऊ पलीकडे बांधल्या होत्या, त्या ठीक दिसत होत्या. गव्हाणीत अजून शेंगा होत्या. मोहिनीनं एक हिरवी शेंग उचलली, दातानं चावली. जीभ लगेच आखडली, गालांना आतून कुणी दोरी ओढावी तशी. तिनं थुंकून टाकलं.

"डॉक्टर, मेलेल्या शेळ्यांचं रक्त कसं होतं?"

डॉक्टर तरुण होते, तीन दिवसांचे जागलेले दिसत होते. "काळपट तपकिरी. काकवीसारखं. किडन्या सुजलेल्या. नमुने पाठवलेत तपासणीला, पण मला शेंगांचीच शंका आहे. मी संपतरावांना सांगितलंय शेंगा काढा म्हणून."

"मग गावात विष घातलं असं कोण म्हणतंय?"

"मी कागदावर विषबाधा लिहिलं," डॉक्टर म्हणाले. "विषप्रयोग नाही लिहिलं. झाडापाल्यानंसुद्धा विषबाधाच होते. पण तो शब्द वाचून ह्यांनी जो अर्थ काढला तो काढला. मी काय करू?"

"दोन वाक्यं बोलू शकत होतात," मोहिनी म्हणाली. डॉक्टरांनी मान खाली घातली.

तेवढ्यात संपतराव आले. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. मोहिनीकडे बघून म्हणाले, "तू केशरीची पोरगी ना? उद्या पारावर ये. जे बोलायचं ते तिथं बोल."

केशरी. तिची आई साठीची होती आणि हा माणूस तिला केशरी म्हणत होता. मोहिनीनं गव्हाणीतल्या दहा-बारा शेंगा पदरात घेतल्या. "ह्या नेते," एवढंच म्हणाली.

शेडच्या दाराशी संपतरावांच्या बायको रुख्मिणीबाई उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलणार होत्या असं वाटलं, पण नवऱ्याकडे बघून गप्प बसल्या.

संध्याकाळी मोहिनी परत पुसेगावला गेली. जडीबुटीच्या दुकानातून हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घेतली. जुनी, हवा लागून पिवळी पडलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, ही खराब झाली, चांगली देतो." ती म्हणाली, "मला हीच पाहिजे. रंग हिच्यानंच नीट उठतो." पानाच्या टपरीवरून काताची एक वडी घेतली. घरी येऊन शेंगा ठेचल्या, उकळल्या, गाळून बाटलीत भरल्या. केशरबाई बघत होती.

"हे काय करून राहिलीस?"

"तुझ्या बाजूनं साक्षीदार उभा करतेय."

"माझ्या बाजूनं माझी चाळीस वर्सं न्हाईत का?" केशरबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो फक्त संपतरावांवर नव्हता. "त्यांच्या डोळ्यांपुढं गेलीत ना ती. तरी तुला बाटल्या लागतेत."

मोहिनीनं बाटलीला बूच लावलं.

सकाळी पारावर पन्नासेक माणसं जमली. बायका लिंबाच्या सावलीत एका कडेला. संपतराव खुर्चीवर, सोमेश्वर त्यांच्या मागं. केशरबाई खाली फरशीवर बसायला लागली तशी मोहिनीनं शाळेतून एक खुर्ची ओढून आणली आणि आईला तिच्यावर बसवलं. कुजबुज झाली. होऊ दे म्हणाली ती मनात.

संपतरावांनी ठराव मांडला. भांडण, धमकी, मग मरण, असं क्रमानं सांगितलं. सांगणं इतकं बरोबर जुळवलेलं होतं की माना हलायला लागल्या.

मोहिनी उभी राहिली. पाराच्या कट्ट्यावर तिनं तीन काचेचे पेले मांडले.

"ह्यात काताचं पाणी. ह्यात तुमच्या गव्हाणीतल्या शेंगांचं पाणी. दोन्ही चाखून बघा कुणीही."

रामकिशननं बोट बुडवून चाखलं. तोंड वाकडं केलं. "दोन्ही तुरट."

"तुरट लागतं ते टॅनिन. झाडं ते स्वतःच्या रक्षणासाठी बनवतात, कुणी खाऊ नये म्हणून. चहात असतं, हिरड्यात असतं, कच्च्या केळात असतं. जिभेवरच्या लाळेतली प्रथिनं ते पकडून ठेवतं, म्हणून तोंड आखडतं. पण सगळं टॅनिन एका जातीचं नसतं. हे बघा."

तिनं दोन्ही पेल्यांत हिराकशीचं पाणी थेंब थेंब सोडलं. काताचा पेला हिरवट काळा झाला. शेंगांचा पेला निळाकाळा झाला, अगदी दौतीतल्या शाईसारखा. पुढची माणसं उठून वाकली.

"कातातलं टॅनिन आतड्यात सहसा फुटत नाही. प्रथिनांना धरून बसतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं. जास्त झालं तर जनावर वाळतं, पण एकदम मरत नाही. हे निळं मात्र फुटणारं आहे. पोटात त्याचे बारीक तुकडे होतात, ते रक्तात उतरतात. थोडे असले तर काळीज, म्हणजे यकृत, निभावून नेतं. ढीगभर असले तर रक्त तपकिरी होतं, किडन्या बंद पडतात. डॉक्टर इथं आहेत. रक्त कसं होतं सांगा डॉक्टर."

डॉक्टर कडेला उभे होते. ह्या वेळी ते मोठ्यानं बोलले. "तपकिरी होतं. आणि नऊही शेळ्यांच्या पोटांत फक्त शेंगा होत्या. दुसरं विष मला दिसलं नाही."

तिसऱ्या पेल्यात दूध होतं. त्यात तिनं शेंगांचं पाणी ओतलं. दुधाच्या गुठळ्या झाल्या. बायकांमधून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"ही रंगाची परीक्षा फक्त जात सांगते, किती होतं ते सांगत नाही," मोहिनी म्हणाली. "ते तपासणीत कळेल. पण माझ्या आईच्या शेळ्या ह्याच शेंगा जन्मापासून खातात. चार शेंगा, दोन घास पाला, मग गवत, असं हिंडत खातात. त्यांच्या लाळेला आणि पोटातल्या जंतूंना सवय झालेली असते. तुमच्या शेळ्या मक्यावर वाढलेल्या. त्यांना तुम्ही दुसरं काही न घालता एकदम शेंगांवर सोडलं. आई तुम्हांला हेच सांगत होती. मूठ मूठ घाला म्हणाली होती. ते तुम्ही इथं सांगितलं नाहीत. फक्त 'मरतील' सांगितलं."

रामकिशननं घसा खाकरला. संपतरावांनी मागं वळून पोराकडे बघितलं.

सोमेश्वर पुढं आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"मॅडम, मंग हे कोण बोलून राहिलं?"

पडद्यावर मोहिनी होती. फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाच्या कार्यक्रमातली, निळ्या साडीतली, माईक हातात. आवाज पाराभर ऐकू आला. "आपल्या बांधावरची बाभूळ म्हणजे शेळ्यांचं मोफत औषध आहे. तिच्या शेंगांतलं टॅनिन पोटातल्या जंतांवर गुणकारी ठरतं. दुकानातल्या औषधामागं पळण्याआधी आपल्या बाभळीकडे बघा." टाळ्या वाजल्या. व्हिडिओ तिथंच संपला.

"आमी ह्यावर इस्वास ठेवला," सोमेश्वर म्हणाला. "रसायनाच्या मॅडम म्हणतेत म्हणून बाभळी झोडल्या."

मोहिनीचे कान तापले. ते भाषण तिला चांगलं आठवत होतं. कितीतरी लोकांनी येऊन कौतुक केलं होतं. "मी पोटभर घाला असं कुठं म्हटलं?" ती बोलून गेली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिलाच किळस आली. काल डॉक्टरांनी कागदावरच्या शब्दाचा आडोसा घेतला होता आणि तिनं त्यांना झापलं होतं. आता ती तेच करत होती. भाषणात तिनं जाती सांगितल्या नव्हत्या. फुटणारं, न फुटणारं, हिरवी शेंग, पिकली शेंग, सवय, प्रमाण, काहीच नाही. जंतांवरचे बरेचसे प्रयोग दुसऱ्या जातीच्या टॅनिनवरचे होते, तेही तिला माहीत होतं. पण ते सांगत बसलं असतं तर लोकांनी जांभया दिल्या असत्या. आणि घरात बसलेल्या आईला, जिला ह्यातलं सगळं ठाऊक होतं, मोहिनीनं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

तिनं आईकडे बघितलं. केशरबाई तिच्याचकडे बघत होती. त्या नजरेत दया नव्हती.

"माझं चुकलं," मोहिनी म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जाईल असं, "माझं चुकलं. मी अर्धं सांगितलं. त्यामुळं ह्यांच्या शेळ्या मेल्या असतील तर त्यात माझा वाटा आहे, आणि मी तो नाकारत नाही. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत मी हेच माईकवर सांगेन. पण सोमेश्वर, आता तू सांग. हा व्हिडिओ तुझ्याकडं कधीपासून आहे?"

"फेब्रुवारीपासून."

"म्हणजे शेळ्या मेल्या त्या दिवशी तुला माहीत होतं, शेंगा कुणाच्या सांगण्यावरून घातल्या ते. मग माझं नाव का नाही घेतलंस? हिंगोलीला येऊन माझ्या दारात उभा राहिला असतास, मी तोंड खाली घालून ऐकलं असतं. तू माझ्या आईचं नाव घेतलंस. काहून?"

सोमेश्वरनं मोबाइल खिशात घातला.

"मी सांगते. माझं नाव घेतलं असतं तर शेंगा तुम्हीच घातल्या हे कबूल करावं लागलं असतं. आणि मी पडले मॅडम. ती पडली शेरडं वळणारी. तिच्यावर काहीही टाकलं तरी चिकटतं. माईकवर अर्धवट बोलणारी मी शहाणी, आणि पाणंदीत उभं राहून पुरतं खरं सांगणारी ती चेटकीण! तीन दिवस तिची मुकी जनावरं उपाशी ओरडतायत, आणि तुम्ही सगळे त्या आवाजाशेजारी जेवलात."

तिचा आवाज फाटला होता. दोघं-तिघं धोतर झटकत उठायला लागले, जणू काम आठवलं.

"बसा," रामकिशन म्हणाला, आणि सगळ्यांनाच त्याचं आश्चर्य वाटलं. "ठराव आला व्हता. त्याचं काय ते सांगून उठा. संपतराव?"

संपतरावांनी टॉवेलनं मान पुसली. "ठराव मागं घेतो. झालं गेलं. लेकराच्या ध्यानात आलं न्हाई."

तेव्हा केशरबाई पहिल्यांदा बोलली. खुर्चीवरून उठली नाही. "झालं गेलं न्हाई संपतराव. चुकलं म्हणा."

संपतराव उठून उभे राहिले. "मागं घेतो म्हणलं ना," एवढं म्हणून ते पाराच्या पायऱ्या उतरले आणि चालू लागले. सोमेश्वर त्यांच्या मागं गेला. तो दोन पावलं थांबल्यासारखा झाला, पण वळला नाही.

लिंबाखालून रुख्मिणीबाई आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी केशरबाईचे हात धरले. "आमचं चुकलं बाई. मी त्या दिवशी तुमचं बोलणं आयकलं व्हतं. मूठ मूठ घाल म्हणलात, ते मी दारातून आयकलं व्हतं. घरात बोलले न्हाई." मग खालच्या आवाजात, "सात आजारी हायेत. तोंड लावीनात कशाला. येता का?"

"जाऊ नकोस माय," मोहिनी म्हणाली. "त्यांनी माफी मागितली नाही. डॉक्टर आहेत ना, ते बघतील."

केशरबाईनं तिच्याकडे बघितलं. "तू गप बस. तुझ्यामुळं झालं म्हणलीस ना आता? मंग शेरडांवर काहून राग काढतीस?"

ती गेली. आधी स्वतःच्या बत्तीस शेळ्या कुपातून सोडल्या, नाल्यावर पाणी पाजलं, गायरानात लावल्या, मग संपतरावांच्या शेडात गेली. गव्हाण्यांतली शेंग न शेंग तिनं उचलायला लावली. उचलायला सोमेश्वर होता. डॉक्टर सुया टोचत होते. विहिरीकडची ओली हराळी उपटून आणून केशरबाई एकेका शेळीच्या ओठांपाशी काडी काडी धरत बसली. एखादीनं तोंड फिरवलं की पुन्हा धरायची. मोहिनी बादलीनं पाणी आणून देत होती. संपतराव दोनदा दारापर्यंत आले आणि परत गेले. केशरबाईनं वर बघितलं नाही.

सातांपैकी दोन दुसऱ्या दिवशी गेल्या. पाच वाचल्या.

नंतर वाडीत लोक म्हणाले, मॅडमनं काय पेले दाखवले, निळे, हिरवे! पेल्यांची गोष्ट पुसेगावच्या बाजारापर्यंत गेली. केशरबाई दोन दिवस शेडात उकिडवी बसली होती, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मोहिनीला तेही बोचलं. पुढच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत तिनं माईकवर आपली चूक सांगितली आणि मग माईक आईच्या हातात दिला. केशरबाईनं तो उलटा धरला, मोहिनीनं सरळ केला. पाऊण तास ती बोलली. कोणता पाला गाभण शेळीला द्यायचा नाही, शेंग कधी पिकली समजायचं, कोणतं जनावर किती खाईल. बायका वहीत लिहून घेत होत्या. मोहिनीही घेत होती, आणि लिहिताना तिला एकेका ओळीला स्वतःचा संताप येत होता, की हे घरात असताना आपण कुठं कुठं शोधत राहिलो.

संपतराव पुढं कधी 'चुकलं' म्हणाले नाहीत. पाणंदीत समोर आले की "काय केशरबाई" म्हणायचे. आता केशरी नाही, केशरबाई. तिला ते ऐकू जायचं. ती हाळी देऊन शेरडं वळवायची आणि पुढं निघून जायची.